शनिवारची मजुरी

मिशनरी डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी 1894 साली मिरजेत उभ्या केलेल्या रुग्णालयाचा सांगली-मिरजेच्या आम्हा ख्रिस्ती लोकांना अभिमान वाटतो, आणि तो वाटायलाच हवा. मात्र हा वारसा सांगताना आपण मोठ्या कार्यापाशीच थांबतो आणि विश्वास म्हणजे तशाच एखाद्या थोर पाचारणाची वाट पाहणे, अशी समजूत मुलांच्या मनात नकळत रुजवतो. माझ्या अनुभवात तरी विश्वासाचा कस लागतो तो कोणाच्या लक्षातही न येणाऱ्या निर्णयांत.

तासगावच्या बाजूला माझी बेदाणे निवडण्याची लहानशी शेड आहे. गेल्या हंगामात एका शनिवारी संध्याकाळी सुट्टे पैसे नव्हते, म्हणून कामावरच्या एका मावशींना मी 'सोमवारी एकदम देतो' असे सांगितले. 'बरं दादा,' म्हणत त्या चिकट झालेले हात पदराला पुसत निघून गेल्या. रात्री दुसऱ्या दिवशीच्या उपासनेसाठी दानार्पणाचे पाकीट भरताना मी त्यातल्या त्यात कोऱ्या नोटा निवडत होतो, आणि बायबलमधील लेवीय या पुस्तकाच्या 19व्या अध्यायातील आज्ञा आठवली: मजुराची मजुरी सकाळपर्यंत आपल्याजवळ ठेवू नये. घरच्या संध्याकाळच्या शास्त्रपाठात ही आज्ञा मी लहानपणापासून ऐकत आलो आहे.

बारीकसारीक गोष्टींत असा धर्म शोधू लागलो तर उरेल तो निव्वळ काटेकोरपणा, अशी शंका कोणी घेईल, आणि ती रास्तही आहे. पुदिना, शेप व जिरे यांचाही दशमांश देणाऱ्या परूश्यांना, म्हणजे नियमशास्त्र काटेकोर पाळणाऱ्या यहूदी पंथाच्या लोकांना, न्याय, दया आणि विश्वास सोडून दिल्याबद्दल प्रभू येशूने खडसावले होते (मत्तय 23:23). पण त्याच वचनात, ह्या गोष्टी करायच्या आणि त्याही सोडायच्या नाहीत, असेही तो सांगतो. लहान गोष्टीचे मोल ती कोणाच्या चुलीपर्यंत पोहोचते यावरून ठरते, असे मी त्यातून समजतो. माझे कोऱ्या नोटांचे पाकीट हा जिऱ्याचा दशमांश होता. मावशींची मजुरी हा न्याय होता.

त्याच रात्री मोटारसायकल काढून मी त्यांच्या वस्तीवर गेलो. त्या कोपऱ्यावरच्या किराणा दुकानासमोर उभ्या होत्या. दुकानदाराने उधारीची वही उघडून तेल आणि तांदूळ लिहून घेतले होते. मी माफी मागून पैसे त्यांच्या हातात ठेवले. त्यांनी ते मोजले, दुकानदाराचे चुकते केले आणि वहीतली ती ओळ आपल्यासमोर खोडायला लावली. तेव्हापासून सुट्टे पैसे मी शुक्रवारीच आणून ठेवतो.