सुटी एक, पुड्या दोन

तंबाखूवर काही लिहिलं की ठरलेली कमेंट येते, "ज्याला सोडायची तो सोडतो हो, बाकी सगळं नाटक." एकदा का इच्छाशक्तीवर ढकललं की सरकारही सुटलं आणि कंपन्याही. मला हे पटत नाही. इंदूरच्या कुठल्याही गुमटीसमोर, म्हणजे पानटपरीसमोर, पाच मिनिटं उभे राहा. ज्या मापात माल विकला जातो, त्या मापातच आपले सगळे कायदे गळून जातात.

आधी सिगारेट घ्या. एप्रिल २०१६ पासून पाकिटाचा ८५ टक्के भाग इशाऱ्याने झाकलेला असतो, बघवत नाहीत अशी चित्रं. चांगलंच आहे. पण अख्खं पाकीट घेतो कोण? कोचिंगमधून सुटलेला पोरगा येतो, "भिया, एक देना" म्हणतो. गुमटीवाला फळीखालच्या पाकिटातून एक काढतो, पोरगा दोरीला लटकवलेल्या लायटरवर ती शिलगावतो आणि चालू लागतो. चित्र दिसलं ते गुमटीवाल्याला! करवाढीचंही तेच. पाकिटाचा भाव चढला तरी सुट्या एकीमागे काही रुपयेच वाढतात, त्याने कोणाच्या खिशाला चटका बसतो?

महाराष्ट्राने सप्टेंबर २०२० मध्ये सुटी विक्री बंद केली (तिथे कितपत पाळतात ते पुण्याच्या नातेवाइकांनी सांगावं). केंद्रानेही तंबाखूच्या कायद्यात दुरुस्तीचा मसुदा काढला होता. सुटी विक्री बंद, विकत घेण्याचं वय १८ वरून २१, सार्वजनिक जागी ओढली तर दंड २०० वरून २०००. मसुदा मसुदाच राहिला. कायदा २००३ चा आणि दंडही तेव्हाचाच. २०० रुपयांत आज छप्पनवर, आपल्या खाऊगल्लीत, दोघांचं धड खाणं होत नाही.

आणि खरं सांगू का, आपल्याकडचा मोठा प्रश्न धुराचा नाहीच. २०१६-१७ च्या सर्वेक्षणात मध्य प्रदेशात ओढणारे प्रौढ १०.२ टक्के होते आणि खाणारे, चघळणारे, लावणारे २८.१ टक्के. यातल्या 'लावणारे'कडे आपण मराठी लोक सोयीस्कर काणाडोळा करतो. आजीची मिशरी म्हणजे दात घासणं, व्यसन थोडंच! नातवाच्या हातात पाऊच दिसला की मात्र घर डोक्यावर.

गुटख्यावर देशात पहिली बंदी आपल्याच राज्याने घातली, १ एप्रिल २०१२ ला. आधार होता अन्नसुरक्षेच्या २०११ च्या नियमाचा: खाण्याच्या कुठल्याही पदार्थात तंबाखू किंवा निकोटिन नको. कंपन्यांनी काय केलं? एका पुडीत नुसता पान मसाला, दुसऱ्या चिमुकल्या पुडीत नुसती तंबाखू. दोन्ही शेजारी शेजारी टांगलेल्या. गिऱ्हाईक मोठी पुडी दातांनी फाडतं, छोटी तिच्यात रिकामी करतं, तोंड चिमटीत धरून दोनदा हलवतं आणि आ करून सगळं आत. गुटखा तयार! कारखान्यात बंद झालेलं काम आता गिऱ्हाइकाच्या बोटांवर चालतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये राज्यांना या पळवाटेबद्दल खडसावलं, तरी जोडी तुटली नाही.

आता आपलं शहर. सलग आठ वर्षं स्वच्छतेत पहिलं, त्याचा मलाही अभिमान आहे. पण थुंकणाऱ्याला पकडायचं आणि ज्याने थुंकायला लावलं ते दुकानात राजरोस टांगलेलं, हे काही माझ्या डोक्यात शिरत नाही. जे शहर ओला कचरा आणि सुका कचरा घराघरात वेगळा करायला लावू शकतं, त्याला शाळेपासून शंभर यार्ड मोजता येत नाहीत? तेवढ्या अंतरात तंबाखू विकायची नाही, असं कायद्यात लिहिलेलं आहे. टेप घेऊन जायचंय फक्त.

गुमटीवाल्याच्या पोटाचं काय, असं कोणी विचारेलच. विचारावं. चहा, बिस्किटं, पाणी विकूनही गुमटी चालते. तेंदूपत्ता तोडणाऱ्या आणि विड्या वळणाऱ्या बायांचा प्रश्न त्याहून अवघड आहे, पण फेब्रुवारी २०२६ पासून विडीवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला, त्यातून त्यांची मजुरी किती वाढली ते आधी कोणी दाखवावं.

आमचं मेडिकल आहे, म्हणून हे जास्त खुपतं. साधी तापाची गोळी विकायलाही मला लायसन्स लागतं, फार्मासिस्ट लागतो, बिलावर बॅच नंबर लागतो. समोरच्या गुमटीवर ना बिल, ना बॅच. सिगारेट सोडायला निकोटिनचं गम मागायला लोक येतात, पट्टीचा भाव ऐकतात, "बाद में देखता हूँ" म्हणतात आणि रस्ता ओलांडून सुटी एक घेतात. सोडवणारी वस्तू पट्टीने आणि लावणारी नगाने, मग जिंकणार कोण?

सरकारी मदतीचा फोन नंबर २०१८ पासून पाकिटावर छापतात. सुटी घेणाऱ्याला तो दिसायची सोय नाही, म्हणून आम्ही काउंटरच्या काचेवर मोठ्या अक्षरात लावलाय. इथेही देतो, टोल फ्री आहे: १८००-११-२३५६.