मणक्यातला करंट आणि आत्याचा पट्टा

"मी गोळ्या सोडल्या," आत्यानं सोमवारी सकाळी फोनवर सांगितलं. वर टोमणा मारला, "तू इलेक्ट्रॉनिक्सवाला ना? मग हे तुला माझ्याआधी कळायला हवं होतं."

'हे' म्हणजे सहकारनगरातल्या तिच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आलेला मेसेज. तिथून तो भजनी मंडळात गेला, भजनी मंडळातून माझ्या बायकोकडे आला आणि त्याच रात्री माझ्या शाळेच्या ग्रुपवरही येऊन पडला. म्हणजे अर्ध्या पुण्यानं वाचलाय असं धरून चालतो. ज्यांच्यापर्यंत पोचला नसेल त्यांच्यासाठी सार सांगतो. अमेरिकेत अंतराळवीरांसाठी शोधलेलं 'स्पायनल कॉर्ड स्टिम्युलेशन' हे नवं तंत्र. मणक्याला सौम्य करंट दिला की कंबर, मान, गुडघा, टाच, कुठलंही जुनाट दुखणं मुळापासून जातं. यश शंभर टक्के, जगभर सिद्ध. एकदा केलं की जन्मभर बघायला नको. ऑपरेशन नाही, टाका नाही. गोळ्या पहिल्या दिवसापासून बंद. हृदयरोग्यांनाही सुरक्षित. डॉक्टर यासाठी लाखो रुपये उकळतात, म्हणून तुम्हाला सांगत नाहीत, पण तेच तंत्र आता कमरेच्या पट्ट्यात आलंय. किंमत ४,९९९ रुपये, दहा जणांनी मिळून मागवल्यास सवलत. खाली हात जोडलेले तीन इमोजी.

मी डॉक्टर नाही. पर्वती इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये मोजमापाची यंत्रं दुरुस्त करतो. पण करंट कुठून कुठे जातो एवढं मला कळतं, आणि हा आठवडा रात्री जागून या विषयावर जेवढं वाचता आलं तेवढं वाचलंय. मेसेजमधल्या क्रमानं जात नाही, कारण त्यातलं सगळ्यात घातक वाक्य मधेच कुठेतरी दडवलंय.

ते वाक्य गोळ्यांचं. आत्याचं २०१६ साली कमरेचं ऑपरेशन झालं, गादी सरकली होती. कंबर बरीच सुधारली, पण डाव्या पायात पोटरीपासून अंगठ्यापर्यंत जी आग होते ती काही गेली नाही. त्यासाठी तिला प्रीगॅबालिन चालू आहे, गेली चार वर्षं, सकाळ-संध्याकाळ. ही साधी दुखण्याची गोळी नव्हे. डोकं दुखलं की घेतली, थांबलं की सोडली, असं तिचं करता येत नाही. नसांच्या दुखण्यावरचं हे औषध फिट्सच्या आजारातही देतात, आणि शरीराला त्याची सवय झालेली असते. बंद करायचंच असेल तर डोस निदान आठवडाभर, बऱ्याचदा त्याहून सावकाश, उतरवत आणतात. एकदम तोडलं तर झोप उडते, मळमळतं, घाम फुटतो, जीव घाबरा होतो. ज्यांना फिट्स येतात त्यांना त्या पुन्हा येऊ शकतात.

आत्यानं शुक्रवारी पट्टा बांधला आणि त्याच रात्री गोळी बंद केली. रविवारी रात्री ती दोन वाजता गॅलरीत बसली होती, पदरानं घाम पुसत. कुणाला उठवलं नाही. का? तर मेसेजमध्ये लिहिलंय, 'पहिले आठ दिवस त्रास वाढल्यासारखा वाटेल, घाबरू नये, शरीरातलं विष बाहेर पडत असतं.' मला राग येतो तो या ओळीचा. औषध तुटल्यामुळे जे होणार आहे ते लिहिणाऱ्याला माहीत असो वा नसो, त्यानं त्याची आधीच सोय करून ठेवलीय. माणूस तळमळतो आणि समजतो की गुण येतोय! सोमवारी तिच्या डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी गोळी पुन्हा सुरू करायला सांगितली, आणि मला चार शब्द ऐकवले, जणू मेसेज मीच लिहिला होता.

दुसरं तसंच, 'हृदयरोग्यांनाही सुरक्षित.' आत्याच्या खालच्या मजल्यावरच्या काकांच्या छातीत पेसमेकर आहे. त्यांनीही पट्टा मागवलेला, सवलतीतल्या दहा जणांत तेही. त्वचेवरून करंट देणाऱ्या यंत्राच्या माहितीपत्रकात पेसमेकर असेल तर वापरू नका, डॉक्टरांना विचारा, ही सूचना असतेच, कारण पेसमेकर हृदयाचे इवलेसे विद्युत इशारे ऐकत असतो आणि बाहेरचा करंट त्याला फसवू शकतो. या पट्ट्याच्या खोक्यातही ती सूचना निघाली. इंग्रजीत, मुंगीच्या पावलाएवढ्या अक्षरात. काका म्हणाले, "अरे, मेसेज तर मराठीत होता."

आता पट्टा. तो मी आत्याकडून आणला आणि टेबलावर उघडला. आत एक छोटी लिथियम बॅटरी, नखाएवढी चिप, व्होल्टेज वाढवणारी कॉइल आणि कमरेला टेकणारे दोन काळे रबरी तुकडे. ऑसिलोस्कोपला लावला तर सेकंदाला ऐंशीच्या आसपास ठोके दिसले. हे यंत्र फिजिओथेरपीवाल्यांकडे वर्षानुवर्षं आहे, त्याला 'टेन्स' म्हणतात. वाईट नाही, काहींना त्यानं थोडा वेळ बरं वाटतं. पण ते त्वचेखालच्या नसांना गुदगुल्या करतं. त्वचा, चरबी आणि कमरेचे जाड स्नायू ओलांडून मणक्याच्या नळीत शिरून मज्जारज्जूला निवडून गाठणं त्याच्या आवाक्यातलं नाही.

खऱ्या स्टिम्युलेटरची तार जाते त्या नळीत, मज्जारज्जूच्या आवरणाच्या लगेच बाहेरच्या फटीत. पाठीतून जाड सुई घालून, एक्स-रेच्या पडद्यावर बघत बघत ती सरकवतात. बऱ्याचदा पेशंट जागा असतो, पालथा झोपलेला, आणि त्याला विचारतात की मुंग्या नेमक्या कुठे येतायत. दुखतं तिथेच त्या यायला हव्यात. मग आठवडाभर तार आत आणि डबी बाहेर कमरेला, अशी चाचणी. दुखणं निदान निम्म्यानं कमी झालं तरच पुढे कायमची बॅटरी कातडीखाली बसवतात, कुल्ल्याच्या वर किंवा पोटाला. म्हणजे चीरही आली, टाकेही आले. 'ऑपरेशन नाही' हा मुद्दा एवढ्यावरच संपला. त्यापुढचे काही आठवडे वाकायचं नाही, वळायचं नाही, वजन उचलायचं नाही, कारण तार जागेवरून सरकू शकते. जंतुसंसर्ग होऊ शकतो. बॅटरी चार्जिंगवाली असेल तर नियमानं चार्ज करायची आणि काही वर्षांनी बदलायची. 'एकदा केलं की जन्मभर बघायला नको' म्हणे!

मुळात हा प्रकार चालतो कशावर? मेल्झॅक आणि वॉल या दोघांनी १९६५ साली मांडलेली कल्पना अशी की मज्जारज्जूत एक फाटक असतं. स्पर्शाच्या जाड नसांमधून वर्दळ वाढली की ते दुखण्याच्या बारीक नसांपुढे पडतं. घोरपडीच्या रेल्वे फाटकावर अर्धा तास काढलेल्याला हे वेगळं समजवावं लागणार नाही. कोपर आपटलं की आपण चोळतो, तेही हेच. दोनच वर्षांनी, १९६७ मध्ये, नॉर्मन शीली या अमेरिकन न्यूरोसर्जननं कॅन्सरनं शेवटच्या टप्प्यात असलेल्या एका माणसाच्या मज्जारज्जूवर पहिल्यांदा असा इलेक्ट्रोड बसवला. म्हणजे 'नवं तंत्र' माझ्याहून वयानं मोठं आहे, आणि त्याच्या जन्मकथेत अंतराळवीर कुठेच नाहीत. पुढे १९७० च्या दशकात, हे ऑपरेशन कुणाला मानवेल ते पाहायला आधी त्वचेवरून करंट देऊन बघत. टेन्स त्यातूनच पुढे आलं. तेव्हा पट्टा आणि स्टिम्युलेटर एका घरातले, हे खरं. पण घर एक म्हणून चुलतभावाच्या नावावर कर्ज काढता येत नाही. आणि फाटकाची गोष्टही आता पूर्ण पुरत नाही. नव्या प्रकारच्या यंत्रांत मुंग्या येतच नाहीत, तरी काहींना फरक पडतो. तो कसा, यावर तज्ज्ञांचा वाद अजून चालू आहे.

आता 'यश शंभर टक्के, जगभर सिद्ध'. इथे थोडं थांबतो, कारण ग्रुपवरचे एक निवृत्त प्राध्यापक मला म्हणाले, "तुमच्याकडे पुरावा आहे का?" आहे. कॉक्रेन ही संस्था जगभरच्या चाचण्या एकत्र तपासते. कंबरदुखीसाठी मज्जारज्जूला करंट देण्यावरचा तिचा आढावा २०२३ मध्ये आला. त्यात १३ चाचण्या, मिळून ६९९ माणसं. निष्कर्ष असा की सहा महिन्यांनंतर खोट्या उपचाराच्या, म्हणजे पेशंटच्या नकळत करंट बंद ठेवण्याच्या, तुलनेत यंत्राचा फायदा बहुधा होत नाही. आणि वर्षभर किंवा त्याहून जास्त काळ खोट्या उपचाराशी तुलना केलेली एकही चाचणी त्यांना सापडली नाही. विकणारे मात्र 'आयुष्यभर'ची हमी देतात.

त्या सहा महिन्यांच्या निष्कर्षामागे नॉर्वेतली एक चाचणी आहे, २०२२ मध्ये छापलेली, आणि मला ती फार आवडली. पन्नास पेशंट, सगळे आत्यासारखे, पाठीच्या ऑपरेशननंतर पाय दुखणारे. सगळ्यांना यंत्र बसवलं. मग वर्षभरात तीन-तीन महिन्यांचे चार टप्पे केले, दोनदा यंत्र चालू आणि दोनदा बंद, क्रम चिठ्ठी टाकल्यासारखा. मुंग्या न येणारा प्रकार असल्यानं कोणता टप्पा कुठला हे पेशंटला कळत नव्हतं. रोजच्या हालचाली किती अडतात ते गुणांवर मोजलं, शंभरपैकी, सुरुवातीला सरासरी पंचेचाळीसच्या आसपास. यंत्र चालू असताना ते १०.६ नं उतरले. बंद असताना ९.३ नं. बंद असताना! आमच्या धंद्यात मीटर उघडून नुसता बंद केला तरी 'आता बरोबर दाखवतोय' म्हणणारी गिऱ्हाइकं भेटतात, तेव्हा मला हसू आलं. पण ही माणसं खोटं बोलत नव्हती. त्यांना खरंच बरं वाटत होतं. फक्त त्याचं श्रेय करंटला देता येत नाही.

प्राध्यापकांनी अंगठा दाखवला. वरचा, एवढं तरी बरं.

गुडघा, टाच, मान हे सगळं एका वाक्यात उरकतो. हा उपचार आहे नसांच्या दुखण्यासाठी, झिजलेल्या सांध्याला मज्जारज्जूत करंट देऊन वंगण मिळत नाही.

डॉक्टर मुद्दाम सांगत नाहीत म्हणे. दुखण्यावर काम करणारे पेन क्लिनिक पुण्यात आहेत, तिथे विचारा, सांगतील. खर्च लाखांत जातो, हे मेसेजमधलं मोजकं खरं वाक्य.

आता मला नको असलेलं कबूल करायची वेळ. यंत्र म्हणजे थोतांड, असं मी आत्याला पहिल्या तावात सांगून टाकलं होतं, आणि ते चूक होतं. ब्रिटनची नाइस ही संस्था सरकारी आरोग्यसेवेला कुठले उपचार द्यावेत ते सांगते. तिनं २००८ मध्येच हा उपचार मान्य केलाय. मात्र अटी आहेत. दुखणं नसांचं हवं, नेहमीचे उपचार करूनही सहा महिने टिकलेलं हवं, आणि आधीची चाचणी यशस्वी व्हायला हवी. २००७ मध्ये छापलेल्या शंभर पेशंटांच्या एका चाचणीत, ऑपरेशननंतरही पाय दुखत राहिलेल्यांत, सहा महिन्यांनी यंत्रवाल्यांपैकी ४८ टक्क्यांचं पायाचं दुखणं निम्म्यानं किंवा जास्त कमी झालं. नुसत्या नेहमीच्या उपचारांवर असलेल्यांत फक्त ९ टक्क्यांचं. आपल्याला यंत्र मिळालंय की नाही हे तिथे सगळ्यांना माहीत होतं, म्हणून नॉर्वेवाल्यांशी तिचं पटत नाही. शिवाय त्याच चाचणीत वर्षभरात यंत्रवाल्यांपैकी ३२ टक्क्यांना यंत्रामुळे काही ना काही त्रास झाला. पण आकडा शून्य नाही, हे मला मान्य करावं लागतं. मधुमेहानं पायांच्या नसा खराब झालेल्यांसाठीही अमेरिकेत २०२१ पासून त्याच्या एका प्रकाराला परवानगी आहे.

आणि चीड येते ती इथे. ऑपरेशननंतर राहिलेलं पायाचं दुखणं, नसांचं, वर्षानुवर्षांचं. ज्यांच्याबाबत डॉक्टर निदान विचार करतील अशांतली आत्या आहे. त्या दहा पट्टेवाल्यांत कदाचित ती एकटीच. पण तिला आता वाटतं की तिनं तो उपचार करून पाहिला आणि तिच्यावर तो चालला नाही. "करंटनं मला नाही गुण आला रे," असं ती मंगळवारी म्हणाली. तो करंट नव्हताच, हे समजवायला मला कागदावर मणका काढावा लागला. कढीपत्त्याच्या काडीसारखा आला, पण तिला कळलं. पुढच्या आठवड्यात तिला पेन क्लिनिकमध्ये घेऊन जातोय. ते काय म्हणतील ते म्हणतील.

एक मात्र सगळ्यांसाठी. पायातली ताकद एकाएकी गेली, लघवी-संडासवरचा ताबा सुटला किंवा मांड्यांच्या मधली जागा बधिर झाली, तर पट्टा नको, मेसेज नको, हा लेखही नको, थेट हॉस्पिटल गाठा.

ग्रुपवर हे सगळं थोडक्यात टाकलं. अ‍ॅडमिननं 'माहितीपूर्ण' लिहिलं आणि वरचा मेसेज तसाच ठेवला. खालच्या काकांनी पट्टा परत पाठवला, पैसेही आले. आत्याचा मात्र घेत नाहीत. खोक्यावर लिहिलंय, स्क्रू उघडलेला माल परत घेतला जाणार नाही.

"उघडला कुणी?" आत्यानं विचारलं.

"मी."

"मग चार हजार नऊशे नव्व्याण्णव तूच दे."