करणी कुणी केली, हा प्रश्नच घातक आहे

करणी, भानामती, मूठ, चेटूक यांचा विषय निघाला की आपल्याकडचा वाद हमखास एकाच ठिकाणी अडकतो: हे खरे की खोटे? माझ्या मते हे सारे खोटे आहे आणि त्याबाबत माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. परंतु या प्रथेतला सर्वांत क्रूर भाग त्या वादात कधी येतच नाही, म्हणून थोडे सविस्तर लिहीत आहे.

दुभती म्हैस अचानक आटते, लेकराचा ताप उतरत नाही, किंवा सकाळी उंबऱ्यापाशी टाचण्या टोचलेले, कुंकू माखलेले लिंबू सापडते. घरातली माणसे हवालदिल होऊन देवऋषीकडे जातात. तो सुपातले तांदूळ चाळवतो, थोडा वेळ गप्प बसतो आणि सांगतो, की करणी बाहेरची नाही, जवळच्याच माणसाची आहे. बाई आहे, तुमच्याशी तिचे वाकडे आहे, आणि तिचा वावर तुमच्या अंगणापर्यंत आहे. तो नाव घेत नाही. नाव घरचे लोक घेतात, कारण बांधाचा तंटा, वाटणीचा दावा, मोडलेली सोयरीक हे सगळे त्यांच्या मनात आधीपासून साचलेले असते. देवऋषी फक्त मान डोलावतो. करणी कुणी केली असो वा नसो, खरा घात इथे होतो.

हे नाव बहुतेक वेळा कुणाचे असते, हे पाहिले की मन विषण्ण होते. विधवा चुलती, मूलबाळ नसलेली भावजय, एकटी राहणारी म्हातारी, आणि अनेकदा जिच्या नावावर जमिनीचा तुकडा आहे अशी बाई. नंदुरबारच्या सातपुड्यात अशा बाईला डाकीण ठरवतात आणि एकदा तो शिक्का बसला की तिला मारहाण होते, गाव सोडावे लागते, प्रसंगी जीवही जातो. आपण करणी केली नाही हे तिने सिद्ध करायचे तरी कसे? न घडलेल्या गोष्टीचा पुरावा कुणाकडेच नसतो.

शाप देण्याची ऊर्मी मला कळते. ज्याचे ना कोर्टात कुणी ऐकत, ना तलाठ्याकडे, तो माणूस ग्रामदेवतेपुढे गाऱ्हाणे घालतो आणि वैऱ्याचे वाटोळे होवो म्हणतो. त्या तळतळाटाने कुणाचे घर जळत नाही. घर जळते ते करणी शोधून काढणाऱ्यांमुळे. अथर्ववेदात कृत्येविषयीची, म्हणजे करणीविषयीची, सूक्ते आहेत. त्यांपैकी दहाव्या कांडाचे पहिले सूक्त कृत्या जिने किंवा ज्याने केली त्याच्यावरच उलटवण्यासाठी आहे. म्हणजे आपल्यावर कुणीतरी काही केले आहे ही धास्ती आणि त्या कुणावर तरी उलटून वार करण्याची इच्छा किती जुनी आहे, ते पाहा.

मराठवाड्यात भानामतीच्या नावाने अंगावर उमटणाऱ्या बिब्ब्याच्या फुल्यांचेही असेच आहे. बिब्ब्याचे तेल कातडीला लागले की लगेच काही दिसत नाही. काही तासांनी ती जागा काळी पडते, फोड येतो, आणि तोवर ते कुणी व कधी लावले याचा माग राहत नाही. अनेकदा हा प्रकार घरात जिची घुसमट चालली आहे, त्या व्यक्तीच्याच हातून होतो, हे अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते वर्षानुवर्षे सांगत आले आहेत. तिला आधाराची आणि मानसोपचाराची गरज असते. घरचे मात्र शेजारणीला जबाबदार धरतात.

20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला, त्यानंतर काही दिवसांतच जादूटोणाविरोधी अध्यादेश निघाला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये कायदा झाला. त्याची चर्चा नरबळी आणि भोंदूबाबांपुरतीच होते, याचे मला फार वाईट वाटते. एखादी व्यक्ती करणी करते, मंत्राने जनावरांचे दूध आटवते, असे भासवून तिचे जगणे कठीण करणे हासुद्धा त्याच्या अनुसूचीत स्वतंत्र गुन्हा आहे. शिक्षा 6 महिन्यांपासून 7 वर्षांपर्यंत, दंड 5,000 ते 50,000 रुपये, आणि गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र. बाईला मारहाण होईपर्यंत थांबण्याची गरज या कायद्यात कुठेही नाही. तरीही गावातले जाणते लोक हा भाऊबंदकीचा मामला आहे असे म्हणून बाजूला होतात, आणि पोलीस ठाण्यातही तिची समजूत काढून तिला परत पाठवले जाते.

माझे आग्रहाचे म्हणणे आहे, की पोलीस पाटील, आशाताई, शिक्षक, सरपंच यांनी देवऋषीच्या दारात नाव घेतले गेल्याचे कानावर येताच हालचाल करावी. आजारी लेकराला त्याच दिवशी दवाखान्यात न्यावे, म्हैस पशुवैद्याला दाखवावी, आणि जिचे नाव घेतले गेले त्या बाईच्या घरी गावातल्या चार वजनदार माणसांनी दिवसाढवळ्या, सगळ्यांच्या देखत जाऊन चहा घ्यावा. तक्रार द्यायची वेळ आलीच, तर ठाण्यात तिच्यासोबत यांच्यापैकी कुणीतरी बसलेले असावे.