प्रकल्प आईबापच करतात? मग पाऊस मोजायला लावा

शाळा सुरू झाल्या की पालकांच्या ग्रुपवर एक मजकूर हमखास फिरतो. त्याचं सार असं: सहावी ते आठवीच्या मुलांना पर्यावरणाचे प्रकल्प देणं बंद करा. ते आईबापच करतात, गणित-इंग्रजीचा वेळ खातात, ओल्या कचऱ्याचं खत करायच्या डब्यानं पृथ्वी काही वाचत नाही आणि हे सगळे पैसेवाल्या शाळांचे चोचले आहेत. खाली हात जोडलेल्या इमोजींची रांग.

पहिला मुद्दा निम्मा खरा आहे. थर्माकोलचा डोंगर, चमकीची नदी, 'झाडे लावा'चा तक्ता हे रात्री अकरा वाजता आईच चिकटवत बसते. (पर्यावरणासाठी थर्माकोल, यावर वेगळं काय बोलायचं!) पण हा प्रकल्प नव्हे, हस्तकला आहे. ज्या प्रश्नाचं उत्तर घरात आधीच ठाऊक असतं, तो प्रकल्प घरचेच उरकणार. 'आपल्या शाळेच्या छपरावर जुलैत किती पाणी पडलं?' याचं उत्तर आईला ठाऊक नसतं, स्टेशनरीच्या दुकानात मिळत नाही आणि आदल्या रात्री तयारही करता येत नाही.

गणिताचा वेळ जातो म्हणणं तर सपशेल चुकीचं. पर्जन्यमापकाला लागते सरळ अंगाची प्लास्टिकची बाटली. वरचा निमुळता भाग कापायचा, तोच उलटा करून नरसाळ्यासारखा बसवायचा आणि बाहेरून पट्टी चिकटवायची. अडचण लगेच येते: तळ खोलगट, मग शून्य कुठे धरायचं? तळाशी खडे टाकायचे, ते बुडतील इतकं पाणी भरायचं आणि त्या पातळीला शून्य. हे मुलांना सुचू द्यावं, आपण सांगून टाकू नये. नोंद रोज सकाळी साडेआठला, कारण हवामान खातंही २४ तासांचा पाऊस त्याच वेळेला मोजतं. रविवारी शाळेत कोण येणार यावरून भांडणं होतात, खुशाल होऊ द्यावीत. रविवार चुकला तर सोमवारचा आकडा दोन दिवसांचा, हे तिथेच कळतं.

मग हिशेब. १ चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर पाणी. १०० चौरस मीटरचं छप्पर आणि २५ मिलिमीटर पाऊस, म्हणजे २,५०० लिटर. दशांश, क्षेत्रफळ, घनफळ, सरासरी, आलेख, यातलं अभ्यासाबाहेरचं काय? असा हिशेब केलेल्या मुलीला २६ जुलै २००५ चा सांताक्रूझचा आकडा सांगून बघा: ९४४ मिलिमीटर. दर चौरस मीटरवर जवळजवळ हजार लिटर पाणी पडलं, हे ती मनातल्या मनात काढते.

खताच्या डब्याचं म्हणाल तर बारा वर्षांच्या पोरानं पृथ्वी वाचवावी असं कुणी म्हणत असेल, तर तेही चूकच. पण डब्याला घाण वास सुटला म्हणजे आत पाणी जास्त आणि हवा कमी, सुका पालापाचोळा घालून ढवळलं की वास कमी होतो, हे ज्यानं स्वतःच्या नाकानं तपासलं, त्याला कचऱ्याचे डोंगर का धुमसतात ते समजावणं सोपं जातं. ओला कचरा हवेवाचून कुजला की मिथेन तयार होतो आणि तो पेट घेतो. जानेवारी २०१६ मध्ये मुंबईतल्या देवनारच्या कचराभूमीला लागलेल्या आगीमुळे आसपासच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या होत्या.

राहिले चोचले. मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद (आताचं नर्मदापुरम) जिल्ह्यात १९७२ मध्ये १६ शाळांत सहावी ते आठवीचं विज्ञान प्रयोगांतून आणि आजूबाजूच्या परिसरातून शिकवायला सुरुवात झाली. १९७८ मध्ये ते जिल्हाभर पसरलं. परीक्षेला पुस्तक उघडं ठेवायची मुभा, शिवाय प्रयोगांची वेगळी परीक्षा. मुलं 'सवालीराम' नावाच्या काल्पनिक माणसाला पत्रानं प्रश्न विचारत आणि त्यांना उत्तरंही जात. २००२ मध्ये राज्य सरकारनं कार्यक्रम बंद केला, पण तोवरची तीस वर्षं तो मुख्यतः खेड्यांतल्या सरकारी शाळांत चालला. आपल्याकडे पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला, तोही गावातल्या मुलांसाठीच.

बाटली, पट्टी, खडे, पालापाचोळा यांना पैसा लागत नाही. लागतो तो शिक्षकाचा वेळ, आणि तो निवडणुकीच्या याद्या नि सर्वेक्षणांत जातो. त्याविरुद्ध कुणी मजकूर लिहिला, तर मीही तो सगळ्या ग्रुपवर टाकीन.