खुलासा: तुर्कस्तानातल्या कोन्या शहरातील सूफी कवी रूमींच्या समाधीबद्दल

‘रूमींच्या समाधीत फक्त मुस्लिमांनाच सोडतात, आणि तिथेच रोज दरवेशांचं (सूफी साधकांचं) नृत्य असतं’ असा मेसेज तुर्कीला निघालेल्यांच्या ग्रुपवर फिरतोय. दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत.

१९२५ साली तुर्कस्तानात दरवेशांचे मठ कायद्याने बंद झाले. समाधीची वास्तूही असाच एक मठ होती. १९२७ पासून ती संग्रहालय आहे, सर्वधर्मीयांना खुलं. मी स्वतः आत जाऊन आलोय. कुणी धर्म विचारला नाही, फक्त बुटांवर प्लास्टिकची पिशवी चढवायला लावली.

दरवेशांचं गिरक्यांचं नृत्य, म्हणजे ‘समा’, होतं ते वेगळ्या सभागृहात, मेव्लाना (म्हणजे रूमीच) सांस्कृतिक केंद्रात. मुख्य सोहळा डिसेंबरात, कारण रूमींची पुण्यतिथी १७ डिसेंबर (१२७३). आणि ती उपासना आहे. आपण कीर्तनाला ‘शो’ म्हणत नाही, तसंच.

जुना मेसेज कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर हा टाका.