नारळ न फोडता : २ चा ६७ वा घात वजा १

तुमची प्रतिक्रिया वाचली, जरा झोंबली, पण मुद्द्याची आहे म्हणून सविस्तर लिहितो. तुमचं म्हणणं असं की १४७५७३९५२५८९६७६४१२९२७ (म्हणजेच २ चा ६७ वा घात वजा १) या संख्येबद्दल मी माझ्या लेखात थापा मारल्या, कारण फ्रेंच गणितज्ञ लुकासला १८७६ मध्ये एकही अवयव माहीत नव्हता, मग ती मूळ संख्या नाही हे त्याला कसं कळलं? आणि वर, अमेरिकन गणितज्ञ कोलने १९०३ मध्ये अवयव काढले त्यात काय मोठंसं, माझा फोन सेकंदात काढतो.

पहिलं आधी. नारळ कानाजवळ धरून हलवला की आत पाणी आहे का ते कळतं ना, फोडायला लागत नाही. तसंच आहे हे. २ चा ५ वा घात वजा १ म्हणजे ३१ घ्या. ४ पासून सुरू करा, वर्ग करा, २ वजा करा, ३१ ने भागून बाकी ठेवा, परत तेच. ४, १४, ८, आणि मग ०. घातापेक्षा दोन कमी इतक्या पायऱ्यांनी शून्य आलं तर मूळ, नाही तर नाही. आता २०४७ घ्या (११ वा घात वजा १), नऊ पायऱ्यांनंतर बाकी उरते १७३६. शून्य नाही, म्हणजे २०४७ फुटते, पण कशाने फुटते ते या खटाटोपात कुठेच दिसत नाही! (२३ गुणिले ८९, ते वेगळं शोधावं लागतं.) लुकासची चाचणी याच जातीची, हे सुटसुटीत रूप लेमर या गणितज्ञाने १९३० मध्ये दिलं.

कुठल्या घातांना अशी संख्या मूळ येते त्याची यादी फ्रेंच विद्वान मर्सेनने १६४४ मध्ये दिली, त्यात त्याने ६७ ला बसवलं होतं. तो ६१ लिहायला गेला आणि ६७ झालं असा बऱ्याच जणांचा तर्क आहे, कारण ६१ वाली खरंच मूळ आहे आणि यादीत मात्र ती नाही. असो.

कोलचे अवयव १९३७०७७२१ आणि ७६१८३८२५७२८७. हे काही अंधारात चाचपडून मिळाले नाहीत, या संख्येचा कुठलाही अवयव १३४ च्या (६७ च्या दुपटीच्या) पटीपेक्षा एकने जास्त असावा लागतो, आणि ८ ने भागल्यावर बाकी १ किंवा ७ च. पहिल्यातून १ वजा करून १३४ ने भागून बघा, बरोबर १४४५५८० येतात. एवढ्या चाळण्या लावूनही हातानं करायचं म्हणजे कागदांचे ढीग. कोल म्हणे तीन वर्षांचे रविवार लागले असं सांगायचा, आणि फळ्यावर एक शब्द न बोलता गुणाकार केला. इथे मात्र तुम्ही मला पकडलंत, हा सगळा प्रसंग बेल नावाच्या गणितज्ञाने फार नंतर पुस्तकात लिहिला आणि त्याला गोष्ट रंगवायची हौस होती, मी तो डोळ्यांनी बघितल्यासारखा लिहायला नको होता. चूक मान्य, लेखात दुरुस्ती करतो.

राहिला तुमचा फोन. २१ आकडी संख्या तो फोडेल, वाद नाही. २ चा १२७७ वा घात वजा १ ही ३८५ आकडी आहे, ती मूळ नाही हे पक्कं माहीत आहे, आणि तिचा एकही अवयव अजून कुणाला सापडलेला नाही. लावा फोन चार्जिंगला, मी थांबतो.