खुलासा: पाय धुण्याची प्रथा २०१३ मध्ये सुरू झाली नाही

पोप फ्रान्सिस तरुणांचे पाय धुताना दिसतात, असा २०१३ मधला एक फोटो सध्या सगळीकडे फिरतो आहे. खाली ओळ अशी: ‘२००० वर्षांत पहिल्यांदाच एखाद्या पोपने दुसऱ्याच्या पायांना हात लावला.’ प्रसंग खरा आहे, ओळ मात्र चुकीची आहे.

बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाच्या १३व्या अध्यायात, क्रुसावर जाण्याआधीच्या शेवटच्या भोजनाच्या रात्री, येशू कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतो आणि तुम्हीही एकमेकांचे पाय धुवा, असं सांगतो. तेव्हा हे काम नोकरांचं समजलं जाई. पेत्र हा शिष्य आधी नको म्हणतो तो त्यामुळेच. इ.स. ६९४ मध्ये स्पेनमधल्या तोलेदो इथल्या धर्मसभेने पवित्र गुरुवारी (ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी) पाय धुण्याचा नियमच केला. आधीच्या अनेक पोपनीही हा विधी केला आहे.

मग २०१३ मध्ये नवं काय होतं? जागा आणि माणसं. २८ मार्चला पोप रोमच्या कासाल देल मार्मो या बालसुधारगृहात गेले. ज्या १२ जणांचे पाय त्यांनी धुतले, त्यांत मुली होत्या, मुस्लिमही होते. तोवर या विधीच्या चर्चच्या नियमात फक्त पुरुषांचा उल्लेख होता, त्यामुळे टीकाही झाली. २०१६ मध्ये तो नियमच बदलला.

मेसेज पाठवणाऱ्यांचा हेतू चांगलाच असणार. तरी ‘पहिल्यांदाच’वाली ओळ पुढे पाठवू नका, आधीच पाठवली असेल, तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.